चिरोटे झालेला रेशमी कागद

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी वहिनींचा फोन आला. "अगं, येऊन जा एकदा. हे कागद राहिले नाहीत, चिरोटे झालेत नुसते." बाहेर धो धो पाऊस होता, पण त्यांचा आवाज ऐकून निघालेच. ठाण्यात नौपाड्यातून चरईत जायला चालत पंधरा मिनिटं पुरतात. त्या दिवशी अर्धा तास लागला, तोही घोट्याएवढ्या पाण्यातून.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरून त्यावर अकरा कागद मांडलेले होते. लांबून पाहिलं तर सुरेख. हळदी, मोरपंखी, कुंकवासारखा लाल, आणि रेशमाची ती ओली असल्यासारखी चमक. वहिनींनी एक उचलला, कोपऱ्याला नख लावलं आणि तळहाताएवढा पापुद्रा अलगद सुटून वर आला. आतलं रेशीम दुकानातून आणलं तसंच होतं, कोरडं, मऊ, भुरभुरणारं. बाहेरच्या दोन्ही अंगांना मात्र प्लास्टिकसारखी कडक साल. पुरीला पापुद्रा सुटावा तसा कागद मधोमध दुभंगत होता. अकरापैकी नऊ असे होते. उरलेले दोन एकमेकांवर ठेवल्यामुळे चिकटून बसले होते, त्यामुळे त्यांचं काय झालंय ते कळायला मार्ग नव्हता.

काम होतं आकाशकंदिलांचं. घोडबंदर रोडकडे राहणाऱ्या एक बाई दिवाळीसाठी कंदील बनवतात. मे महिन्यात त्यांनी वहिनींचे सहा नमुन्याचे कागद पाहिले, हातात घेऊन दिव्यासमोर धरले आणि ३० बाय ४५ सेंटिमीटरचे २४ कागद सांगितले, तिन्ही रंगांचे आठ-आठ. मुदत सप्टेंबरअखेर. वहिनींनी उचल घेतली होती, आणि ती रेशीम, जाळी आणि मीडियममध्ये, म्हणजे गोंदासारखं वापरायच्या द्रवात, खर्चही होऊन गेली होती. तेव्हा "नाही जमलं" म्हणून मोकळं होण्याची सोय उरली नव्हती.

मी २२ वर्षं कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या लॅबमध्ये काढली. रेशमी कागद मात्र तोवर एकदाच केला होता, तोही वहिनींच्या हाताखाली. म्हणजे या प्रकरणातल्या कारागीर त्या. माझं काम फक्त चूक कुठे झाली ते शोधायचं.

ज्यांनी हा प्रकार कधी केला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. याला कागद म्हणतात खरं, पण हातकागद आणि हा यांचं नातं नावापुरतं. साधा कागद झाडाच्या किंवा चिंध्यांच्या तंतूंचा लगदा करून बनतो. ते तंतू कुटून पाण्यात कालवले, जाळीवर धरले आणि वाळवले की आपसूक एकमेकांना धरून बसतात, गोंद लागत नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, त्यामुळे गरम साबणपाण्यात चोळली की ती गुंतून तिचा नमदा, म्हणजे जाड घट्ट थर होतो. रेशमाकडे यातलं काहीच नाही. त्याचा तंतू काचेच्या कांडीसारखा गुळगुळीत, कुठे अडकत नाही की कशाला धरत नाही. कोषात असताना त्याच्याकडे स्वतःचा गोंद असतो, सेरिसिन. कोषाच्या वजनात त्याचा वाटा साधारण पाव असतो आणि अळी त्याच्याच जोरावर कोष घट्ट बांधते. पण आपल्या हातात येणारा पेळू, म्हणजे विंचरलेल्या तंतूंची जाड सैल वात, साबण-सोड्यात उकळून, हा गोंद काढून टाकलेला असतो. म्हणून तर तो इतका मऊ लागतो. तेव्हा घरी कागद करायचा म्हणजे काढलेल्या गोंदाच्या जागी दुसरा गोंद घालायचा. दोन जाळ्यांच्या मध्ये रेशमाचे पातळ थर एक उभा, एक आडवा असे पसरायचे, ओले करायचे, वरून गोंदपाणी लावायचं, वाळवायचं आणि जाळी सोडवायची. सांगायला इतकंच आहे.

(चिनी लिपीत कागद या अक्षराच्या डाव्या अंगाला रेशमाची खूण असते. हे वहिनींना सांगितलं तर म्हणाल्या, "त्यांना जमत असेल, मला चोवीस हवेत.")

आधी विचारलं, मे महिन्यात झालं ते जुलैत का होईना? दोन्ही वेळी हात तेच, कृती तीच असं वहिनींचं म्हणणं. वही ठेवलेली नव्हती. याबद्दल मी त्यांना बोललेही, कारण लॅबमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, आणि घरी काम करणारी माणसं नेमकं हेच करत नाहीत. मग चहा पीत बसून आठवून आठवून लिहून काढलं. तासाभरात "तीच कृती" चार ठिकाणी बदललेली निघाली.

रेशीम नव्या लॉटचं होतं. गोंद बदलला होता. मेमध्ये कापड रंगवायला मिळतं ते ॲक्रिलिक मीडियम निम्मं पाणी घालून वापरलं होतं. जुलैत पहिले दोन कागद सुटायला लागल्यावर "गोंद कमी पडतोय" म्हणून सुतारकामाचा पांढरा पीव्हीए गोंद, तोही जवळजवळ न पातळ करता. ओलं करायच्या पाण्यात मेमध्ये भांड्यांच्या लिक्विडचे थेंब होते, जुलैत नव्हते, कारण नमुन्यातल्या एका कागदावर फेसाचे बारीक गोल डाग राहिले होते आणि त्या बाईंनी ते दाखवले होते. मेमध्ये गॅलरीत सावलीला, दोरीवर, तीन तासांत कागद वाळायचा. जुलैत दोन-दोन दिवस ओलाच राहायला लागला म्हणून हेअर ड्रायर. आणि पाचवी गोष्ट वहिनींनी सांगितलीच नाही, ती मला नंतर सापडली.

माझा पहिला संशय लॉटवर. रेशमावर सूतगिरणीचं तेल किंवा उरलेलं सेरिसिन असेल तर पाणी धरत नाही, हे डोक्यात पक्कं बसलेलं. साधी चाचणी असते, पेळूचा पुंजका सैल करून त्यावर पाण्याचा थेंब सोडायचा आणि तो आत जायला किती वेळ लागतो ते मोजायचं. मेमधलं मूठभर रेशीम डब्यात उरलं होतं. जुन्यावर सोडला, नव्यावर सोडला. दोन्हीकडे थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला. पाच मिनिटं झाली तरी तसाच. म्हणजे नवा लॉट बिचारा निर्दोष. तंतूंच्या मध्ये हवा असते, आणि नुसतं पाणी ती हवा हटवून आत शिरत नाही. मग त्याच पाण्यात काडीच्या टोकावर मावेल इतकं लिक्विड कालवलं आणि पुन्हा थेंब सोडला. तो दिसेनासाच झाला. सोडल्याक्षणी आत.

वहिनी थोडा वेळ त्या पुंजक्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी फेस घालवायला गेले आणि पाणीच घालवलं."

अर्ध्याअधिक प्रकरणाचा उलगडा इथे झाला. अशा वेळी बहुतेक जण जे करतात तेच वहिनींनी आणि दादानेही केलं होतं. कागद सुटतोय म्हणजे चिकटवण कमी, तर गोंद वाढवा, दाट करा, जोरदार आणा. दादा तर लाकडाच्या दुकानातून सगळ्यात भारी डबा घेऊन आला होता. पण मधला थर कोरडा असेल तर वर कितीही गोंद ओता, तो वरच राहणार. दाट गोंद तर आणखीच आत जात नाही. मी सोनाराच्या छोट्या काट्यावर एक नापास कागद तोलला, २१ ग्रॅम भरला. त्यात रेशीम दहा ग्रॅमच्या आसपास घातलं होतं. म्हणजे रेशमापेक्षा गोंद जास्त, आणि तरीही मधला भाग कोरडा ठणठणीत.

आता त्या दोन गोष्टी, ज्यांनी बिघडलेलं आणखी बिघडवलं.

एक कागद मी ट्यूबलाइटसमोर धरला. जिथे गोंद आरपार गेलाय तिथे प्रकाश नितळ येतो. जिथे तंतूंमध्ये हवा राहिली तिथे प्रकाश विखुरतो आणि तो भाग उजेडासमोर गढूळ, काळपट दिसतो. टेबलावर ठेवला की तोच भाग पांढरट. असे ढगासारखे चट्टे मध्ये होतेच, पण त्याशिवाय काठाजवळ, ओळीने, ठरावीक अंतरावर, लांबट लहान डाग होते. अंगठ्याच्या पेराएवढे. मी माझा अंगठा ठेवून पाहिला, बरोबर बसला.

"वहिनी, पेळू ओढताना हाताला काही लावता का?"

लावत होत्या. खोबरेल तेल. पावसाळ्यात भांडी घासून बोटांची टोकं खरखरीत होतात आणि रेशीम नखाच्या कडांत, कातडीच्या चिरांत अडकतं. झुबकाच्या झुबका बोटांना चिकटून येतो. म्हणून किंचित तेल. मेमध्ये माहेरी जाऊन आल्यामुळे हात बरे होते, तेल लागलं नव्हतं. पेळूतून पट्टी ओढताना जिथे चिमूट धरली, तिथे तिथे तेलाचा ठसा, आणि तिथे पाणी शिरलंच नाही. हा ठसा पाहून मला जितका आनंद झाला तितका लॅबमध्येही क्वचित झाला असेल. वहिनींना अर्थातच झाला नाही.

दुसरी गोष्ट हेअर ड्रायर. हे मात्र माझ्या ओळखीचं होतं. कापड रंगात बुडवून, पिळून, स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या यंत्रावर, गरम हवेत वाळवलं की ज्या बाजूला हवा जास्त लागते तिकडे रंग गडद येतो, कारण पाणी त्या पृष्ठाकडे धावतं आणि रंगाला सोबत ओढून नेतं. आम्ही त्याला मायग्रेशन म्हणायचो आणि त्यावरून पाळीपाळीने शिव्या खायचो. माठाच्या बाहेरच्या अंगाला पांढरे क्षार साचतात ते याच वाटेने. आतलं पाणी झिरपत बाहेर येतं, उडून जातं, आणि त्यातलं मीठ पृष्ठावर राहतं. ओल्या कागदावर ड्रायरची गरम हवा मारली की थोडाफार आत शिरलेला गोंदही पाण्याबरोबर वर येऊन सालीत जमा होतो. मधला थर पुन्हा उपाशी. वर साल धरली की आतली ओल कोंडते, ती वेगळीच. वहिनींना वाटत होतं आपण पावसावर मात करतोय.

एवढं सगळं खुर्चीत बसून बोलणं सोपं आहे. म्हणून रविवारी आम्ही आठ चौकोन केले, १० बाय १० सेंटिमीटरचे, प्रत्येकी अर्धा ग्रॅम रेशीम. चार साबणपाण्याने ओले केलेले, चार साध्या पाण्याने. दोन्हींतल्या दोघांना निम्मं पाणी घातलेलं मीडियम, दोघांना दाट पीव्हीए. आणि प्रत्येक जोडीतला एक पंख्याखाली, एक ड्रायरने. कोपऱ्यात बॉलपेनने नंबर. वाळल्यावर दोन्ही बाजूंना रुंद चिकटपट्टी लावून विरुद्ध दिशांना ओढायची, इतकीच परीक्षा.

साधं पाणी, दाट गोंद, ड्रायर हा तर हात लावताच दोन तुकडे झाला. हुबेहूब टेबलावरच्या नऊ भावंडांसारखा. साबणपाणी, पातळ मीडियम आणि पंखा, याची चिकटपट्टीच निघून आली, कागद जागचा हलला नाही. मधले सहा मजेशीर होते. साबणपाणी आणि पातळ मीडियम असूनही ड्रायरने वाळवलेला एका कोपऱ्यातून सुटला. साबण नाही पण पातळ मीडियम आणि पंखा, हा चट्टे सोडून बाकी ठिकाणी टिकला. दाट गोंदाचे चारही, पातळ मीडियमच्या आपापल्या जोडीदारापेक्षा वाईट. दादाने चौथा चौकोन स्वतः ओढून पाहिला आणि डबा गुपचूप कपाटावर ठेवला. पीव्हीएवर पाण्याचा थेंब टाकला की तो भाग दुधासारखा पांढरा होतो आणि बोटाला बुळबुळीत लागतो, हेही दिसलं. दमट हवेत दोन कागद एकमेकांना का चिकटले, त्याचं उत्तर त्यातच मिळालं. आकाशकंदील गॅलरीत टांगायचा, ऑक्टोबरात एखादी सर येतेच, तेव्हा हा गोंद तसाही कामाचा नव्हता.

एक आडवाट सांगायलाच हवी. गोंद बदलण्याच्या फेऱ्यात वहिनींनी तीन कागदांना मैद्याची खळ लावून पाहिली होती. खळ उत्तम, पातळ केली तर आतही जाते, पण आमच्याकडच्या जुलैत चौथ्या दिवशी कुबट वास आणि पाचव्या दिवशी हिरवट-काळे ठिपके. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात ते यासाठीच. पण मोरचूद विषारी, स्वयंपाकघरात कालवायची वस्तू नव्हे. बुरशी घालवायला वहिनींनी काय करावं? पांढरे कपडे उजळायचं लिक्विड ब्लीच कापसाच्या बोळ्याने टिपलं. ठिपके गेले. मग त्या जागी पिवळट डाग आला, मग चिकट जेलीसारखं काहीतरी झालं, आणि बोट लावलं तर आरपार भोक. रेशीम म्हणजे प्रथिन, आपल्या केसांसारखंच. क्लोरिनचं ब्लीच ते चक्क विरघळवतं. ज्यांच्या घरी आजीच्या पैठण्या आहेत त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

मग प्रत्यक्ष काम. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलं, आणि आता वही होती.

हातांचा बंदोबस्त आधी. साखर आणि लिंबाने बोटांची टोकं चोळायची, साबणाने दोनदा धुवायची, पुसायची, तेल-क्रीम काही नाही. पेळू ओढण्याचीही एक खुबी आहे, आणि वहिनींच्या हातात ती बघण्यासारखी आहे. डाव्या मुठीत पेळू सैल धरायचा, उजव्या हाताने अगदी टोकाचे तंतू चिमटीत घ्यायचे आणि दोन्ही हातांत वीतभर अंतर ठेवून ओढायचं. हात जवळ असले तर एकाच तंतूची दोन्ही टोकं धरली जातात आणि कितीही जोर लावा, पेळू हलत नाही. अंतर ठेवलं की धुरासारखी पातळ पट्टी सुळकन निघून येते. ती जाळीवर ठेवायची, पुढची तिच्यावर थोडी चढवून, घराच्या कौलांसारखी. एक थर उभा, एक आडवा, एक पुन्हा उभा. प्रत्येक थरातून खालची जाळी दिसली पाहिजे. जुलैत वहिनींनी सुटू नये म्हणून पाच थर केले होते. आता तीन, आणि ३० बाय ४५ च्या कागदाला साडेपाच ग्रॅम रेशीम.

जाळी मच्छरदाणीची, नायलॉनची, जांभळी नाक्यावरून आणलेली. सुती मलमल घेतली तर ती गोंद पिऊन कागदाचाच भाग होते.

ओलं करणं हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि नेमका तोच सगळे उरकतात. एक लिटर पाण्यात अर्धा चमचा भांड्यांचं लिक्विड, चमच्याने हळू ढवळलेलं, फेस न काढता. वरची जाळी पसरल्यावर ब्रश फिरवायचा नाही. ब्रशने घासलं की फेस होतो आणि तेच ते गोल डाग. पाणी स्पंजने मध्यभागी सोडायचं आणि तळहात सपाट ठेवून दाबत दाबत काठाकडे न्यायचं. कोरडं रेशीम पांढरं दिसतं. पाणी शिरलं की करडं, पारदर्शक होतं, टेबलाचा रंग खालून दिसायला लागतो. पहिल्या बाजूने सगळं करडं झालं असं वाटतं. मग जाळीसकट पालथं करायचं, आणि मागे हमखास दोन-तीन पांढरी बेटं सापडतात. पुन्हा पाणी, पुन्हा तळहात. वहिनींना हे पालथं करणं आधी ठाऊकच नव्हतं. मेमध्ये साबणाने ते काम परस्पर होत होतं. एका कागदाला पाणी पाजायला बारा ते पंधरा मिनिटं लागली, आणि गोंद लावायला तीन.

गोंदाआधी जुना टॉवेल दाबून जास्तीचं पाणी टिपून घ्यायचं, नाहीतर साबण आत राहतो आणि मीडियम नको तितकं पातळ होतं. मग एक भाग मीडियम, एक भाग पाणी, दोन्ही बाजूंनी, पुन्हा तळहाताने दाबत. निथळणारं पुसून घ्यायचं. वाळल्यावर कागद आठ ग्रॅमच्या आसपास भरायला लागला.

वाळवण्यावरून घरात थोडी चकमक झाली. गॅलरीतल्या आर्द्रतामापकावर ९१ टक्के. रेशीम पाणी सोडायला नाराजच असतं. ६५ टक्के आर्द्रतेच्या, म्हणजे आपल्याला कोरड्या वाटणाऱ्या हवेतही ते आपल्या कोरड्या वजनाच्या ११ टक्के ओलावा धरून बसतं, आणि दमट हवेत त्याहून कितीतरी जास्त, वर हाताला ओलं लागत नाही. तेव्हा गॅलरी बाद. ऊन पडलं तरी उन्हात नाहीच. उन्हाने रेशीम पिवळं पडतं आणि कमजोर होतं. हातात राहिला बेडरूमचा एसी. ड्राय मोडवर लावला, दार बंद केलं, कपडे वाळवायच्या स्टँडवर कागद आडवे ठेवले, पंखा मंद. तासाभरात आर्द्रता साठच्या खाली आली. दर अर्ध्या तासाने कागद उलटायचा, म्हणजे गोंद एकाच अंगाला ओढला जात नाही. आठ-नऊ तास लागायचे. दादा-वहिनी त्या सात रात्री हॉलमध्ये गादी टाकून झोपले. "कागद एसीत आणि आम्ही डासांत," दादा म्हणाला. डासांपासून वाचवायला जाळी नव्हती, ती कागदांखाली होती.

एका खेपेला चार कागद, सात खेपा, २८ कागद. जाळी पूर्ण वाळल्यावर, कोपऱ्यातून, वर न ओढता मागे दुमडत सोडवायची. जाळीची खरखर पृष्ठावर उमटते, ती बेकिंगच्या बटर पेपरखाली मध्यम इस्त्री फिरवली की बसते आणि मीडियमही पक्कं होतं. नंतर प्रत्येक कागद ट्यूबलाइटसमोर. दोन नापास झाले, दोन्ही तिसऱ्या खेपेतले, त्या दिवशी पाहुणे आले होते आणि पालथं करायचं राहिलं.

मध्ये एकदा गोंदाविना कागदाचाही प्रयोग झाला. जालन्याला रेशीम कोषांची बाजारपेठ आहे. ओळखीतून तिकडचे थोडे फुटके कोष मिळाले. त्यात सेरिसिन शाबूत असतं. कोष उकलून पातळ ओढले, पाणी फवारलं, बटर पेपरमध्ये धरून कडक इस्त्री दाबली. वाफेने सेरिसिन मऊ होतं आणि गार झालं की पुन्हा धरतं. बाहेरचा एक थेंब गोंद नाही. कागद कडक, कुरकुरीत, फिका मोतिया रंगाचा, आणि मला विचाराल तर सगळ्यांत देखणा. पण ३० बाय ४५ चा एकसारखा पत्रा त्यातून निघत नाही, आणि रंगवायला घ्यावा तर गरम रंगपाण्यात तोच गोंद सुटायला लागतो. आठ लाल, आठ हळदी, आठ मोरपंखीचा हिशोब त्याने भागला नसता.

सप्टेंबरच्या २० तारखेला २४ कागद गेले. त्या बाईंनी पहिल्याच कागदाच्या कोपऱ्याला नख लावून पाहिलं. जुलैची हकीकत वहिनींनी त्यांना सांगून टाकली होती. कोपरा सुटला नाही. कंदिलात एलईडीचाच दिवा घालायचा, साधा बल्ब किंवा पणती नाही, हे वहिनींनी दोनदा बजावलं. रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास देतं आणि बहुधा विझतं, पण त्यावरच्या ॲक्रिलिकचं तसं नाही.

पैशाचं विचाराल तर विजेचं बिल, वाया गेलेलं रेशीम आणि सात रात्री धरल्या तर मजुरी सुटली नाही. वहिनींनी पुढच्या वर्षीसाठी मार्चमध्येच काम उरकायचं ठरवलंय आणि दर वाढवलाय. दर मेमध्येच कमी सांगितला होता असं माझं मत आहे, पण ते माझं खातं नाही.

नापास झालेल्या दोन मोरपंखी कागदांचा आणि उरलेल्या दोन हळदींचा त्यांनी स्वतःच्या गॅलरीसाठी चौकोनी कंदील केला. वसुबारसेला संध्याकाळी मी गेले तेव्हा तो लावलेला होता. खालून रस्त्यावरून नुसता छान दिसत होता. वर जाऊन जवळून पाहिलं, तर मोरपंखी बाजूला खालच्या अंगाला दोन पांढरी बेटं राहिली होती ती दिव्यापुढे काळी दिसत होती, आणि वहिनींनी त्यांच्यावर सोनेरी कागदाच्या दोन चांदण्या चिकटवल्या होत्या. त्या कशाने चिकटवल्या ते मी विचारलं नाही. कपाटावरचा डबा खाली आलेला दिसत होता.